सुवर्णशंख आणि साक्ष्यचित्र

इंग्रजीतील 'डॉक्युमेंटरी' या शब्दाला मराठीत प्रथम 'अनुबोधपट' असा प्रतिशब्द रूढ झाला. सरकारी चित्रपटविभागाच्या मराठी आवृत्त्यांवर आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत तोच शब्द पुष्कळ वर्षे वावरत होता. पुढे तो मागे पडून 'माहितीपट' हा सुटसुटीत शब्द आला आणि आता तोच सर्वतोमुखी झाला आहे. आम्हां हुबळी-धारवाडकडील मराठी माणसांच्या कानांवर मात्र याच वस्तूसाठी तिसरा एक शब्द नित्य पडत असतो. कानडीत तिला 'साक्ष्यचित्र' म्हणतात. पहिल्या शब्दात उपदेशाची छटा आहे, दुसऱ्यात शाळेच्या पाठ्यपुस्तकाची आणि तिसऱ्यात न्यायालयाची. एकाच वस्तूची ही तीन नावे वस्तुतः तिच्याविषयीच्या तीन वेगवेगळ्या अपेक्षा आहेत. मुंबईस दर दोन वर्षांनी भरणाऱ्या माहितीपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा आणि तेथे दिल्या जाणाऱ्या सुवर्णशंखाचा इतिहास पाहू लागले म्हणजे या तिन्ही अपेक्षा एकमेकींशी कशा झगडत आल्या हे स्पष्ट दिसू लागते. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनाही उपेक्षणीय वाटू नये, असा आहे.

महोत्सवाचा आरंभ १९९० सालचा असला, तरी या कथेची मुळे बरीच खोल गेलेली आहेत. लुमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम दाखविण्यात आली. ती पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक छायाचित्रकार होते. लोक त्यांना 'सावेदादा' म्हणत. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात परत आले, तेव्हा चौपाटीवर त्यांचे जे स्वागत झाले, तेही सावेदादांनी टिपले. भारतीय माणसाने घेतलेला हा पहिला वार्तापट मानला जातो. एका मराठी गणितज्ञाचा सत्कार हा आपल्या वार्तापटाचा पहिला विषय ठरावा, यात शिक्षकाच्या पेशातील माणसाला थोडा अभिमान वाटला, तर तो क्षम्य समजावा. कथापटांचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या दादासाहेब फाळके यांनीही 'राजा हरिश्चंद्रा'ला हात घालण्यापूर्वी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्रचौकटीने टिपून दाखविली होती. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी हा त्यामागील हेतू. म्हणजे आपल्या कथापटाला पहिले भांडवल मिळाले, ते एका माहितीपटाच्या साक्षीवर!

यानंतर जे नाव घ्यावयाचे, ते आमच्या गावाशी निगडित आहे. शांताराम राजाराम वणकुद्रे म्हणजेच व्ही. शांताराम यांचा जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१ चा. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत काही काळ काढल्यावर हा मुलगा कुटुंबाबरोबर हुबळीस आला. येथे त्या वेळी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा मोठा कारखाना होता. दिवसा त्या कारखान्यात मजुरी आणि संध्याकाळी पत्र्याचे छप्पर असलेल्या एका सिनेमागृहात पडेल ते काम, असा त्याचा येथील दिनक्रम होता. छायाचित्रणाचे आणि फलक रंगविण्याचे पहिले धडेही त्याने याच काळात घेतले. पुढे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने तो कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला आणि तेथून पुढचा इतिहास वाचकांस विदित आहेच. हुबळीच्या रेल्वेच्या भोंग्यावर उठणाऱ्या या पोरसवदा कामगाराच्या नावाने भारतातील माहितीपटकारांना दिला जाणारा सर्वोच्च जीवनगौरव पुरस्कार ओळखला जातो, ही गोष्ट हुबळीच्या रस्त्यांवर विचारून पाहिली, तर शंभरांत पाच जणांनाही ठाऊक नसेल. शहराला आपल्या स्मृतींची इतकी बेफिकिरी असू नये.

कथापटांसाठी प्रसिद्ध असलेल्या शांतारामबापूंचे नाव माहितीपटाच्या गौरवाला का दिले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४० साली ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि शांतारामबापूंनी काही काळ त्याची निर्मितीची बाजू सांभाळली. १९४३ साली 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था आली आणि चित्रपटगृहांत प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य बोधपट दाखविण्याची सक्ती युद्धकालीन नियमांन्वये झाली. युद्ध संपल्यावर १९४६ साली हा सारा संसार मोडण्यात आला. परिणाम असा झाला की, १५ ऑगस्ट १९४७ ला सत्तांतराचा सोहळा घडला, तेव्हा तो टिपावयास सरकारचे स्वतःचे चित्रणपथक उरलेले नव्हते. खाजगी छायाचित्रकारांनी जे घेतले, तेच आज आपल्या हाती आहे. या अनुभवाने शहाणे होऊन १९४८ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईस फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. परक्या सरकारने सुरू केलेली सक्तीच्या प्रदर्शनाची पद्धत मात्र नव्या सरकारनेही कायम ठेवली. अनुबोधपट पाहिल्याखेरीज कथापट पाहावयाचा नाही, असा तो दंडक होता.

या दंडकाने लाभ झाला की हानी, याविषयी मतभेद आहेत. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग जगात क्वचितच कोणत्या माहितीपटांना लाभला असेल, हे खरे. पण तो आयता मिळालेला प्रेक्षक होता. माझ्या पिढीने हुबळीच्या चित्रपटगृहांत हे वार्तापट पाहिले. धरणांची उद्घाटने, पूरग्रस्तांना मदत, परराष्ट्रांतील पाहुण्यांचे हारतुरे आणि त्या सर्वांवर पसरलेला तो एकसुरी निवेदकाचा आवाज. जाणती मंडळी बाहेर भुईमुगाच्या शेंगा फोडीत उभी राहत आणि वार्तापट संपल्याची चाहूल लागली म्हणजे आत येत. जे फुकट आणि सक्तीने मिळते त्याची किंमत राहत नाही, हा शाळेतील अनुभव येथेही लागू पडतो. त्याच संस्थेत फली बिलिमोरियांचे 'द हाऊस दॅट आनंदा बिल्ट', एस. एन. एस. शास्त्रींचे 'आय ॲम ट्वेन्टी', प्रमोद पतींचे 'एक्सप्लोरर' यांसारखे धाडसी प्रयोग १९६७-६८ च्या सुमारास होत होते. बिलिमोरियांच्या चित्रपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. हुसेन यांच्या 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' या लघुपटाने १९६७ साली बर्लिनला सुवर्ण अस्वल पटकाविले. शेंगा फोडीत उभ्या असलेल्या लोकांना यांतले काही ठाऊक नव्हते आणि ते त्यांना कळविण्याची कोणास निकड वाटली नाही.

सन्मानाचा आरंभ त्याआधीच झाला होता. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले. कथापटांतील राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हे प्रत्येक मराठी माणूस सांगेल. त्याच समारंभात अनुबोधपटांचे सुवर्णपदक जगत मुरारी यांच्या 'महाबलिपुरम्' या चित्रपटाला मिळाले, हे मात्र कोणाच्याच स्मरणात नाही. एका पुरस्काराची आठवण राहावी आणि दुसऱ्याची पुसली जावी, याला चित्रपटांच्या गुणावगुणांपेक्षा दुसरे कारण आहे. 'श्यामची आई' लोकांनी आपखुशीने तिकीट काढून, डोळे पुसत पाहिला होता. 'महाबलिपुरम्' त्यांच्या वाट्यास आला असेल, तर दुसऱ्या कोणत्या तरी चित्रपटाच्या आधी, शेपटासारखा नव्हे तर सोंडेसारखा चिकटून. स्वतःच्या नावाने, स्वतःसाठी आलेला प्रेक्षक माहितीपटाला मिळत नव्हता. महोत्सवाची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

युरोपात ही गरज पूर्वीच ओळखली गेली होती. ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव १९५४ चा, लाइपझिगचा १९५५ चा. आशियात जपानमधील यामागाता येथे १९८९ साली पहिला मोठा माहितीपट महोत्सव भरला आणि तेथील एका पुरस्काराला माहितीपटाचे आद्य प्रवर्तक फ्लाहर्टी व त्यांच्या पत्नी यांचे नाव दिले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९९० मध्ये, फिल्म्स डिव्हिजनने मुंबईस माहितीपट, लघुपट आणि सचेतनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविला. तो दर दोन वर्षांनी भरावा असे ठरले. शांतारामबापू त्या वर्षी हयात होते. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते निवर्तले आणि पुढे जीवनगौरवाच्या पुरस्काराशी त्यांचे नाव जोडले गेले.

स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटांना सुवर्णशंख आणि रौप्यशंख द्यावयाचा, अशी येथील प्रथा आहे. परदेशी चित्रपटांबरोबरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि भारतीय चित्रपटांची राष्ट्रीय स्पर्धा अशा दोन स्वतंत्र शाखा असतात आणि दोहोंसाठी परीक्षकमंडळे निराळी नेमली जातात. बर्लिनने अस्वल निवडले, लाइपझिगने कबुतर निवडले. मुंबईने शंख निवडला. निवड अर्थपूर्ण आहे. शंख युद्धारंभी फुंकतात आणि पूजेतही फुंकतात. पण मराठीत 'शंख करणे' याचा आणखी एक अर्थ आहे, बोंब ठोकणे. मानचिन्ह ठरविणाऱ्यांच्या मनात तो अर्थ नसणार. तथापि महोत्सवाच्या पुढील इतिहासात तोच अर्थ खरा ठरला.

२००२ सालच्या महोत्सवात आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या चित्रपटाने पुरस्कार मिळविले. पोखरणच्या १९९८ मधील अणुस्फोटांनंतर भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांत उसळलेल्या युद्धोन्मादाचा हा पट. सरकारी संस्थेने भरविलेल्या महोत्सवात नेमलेल्या परीक्षकांनी तो गौरविला आणि त्याच वर्षी दुसऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे अभ्यवेक्षण मंडळाने, त्यात एकवीस कापाकापी सुचविल्या. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००३ साली न्यायालयाने चित्रपट एकही काट न मारता दाखविण्यास मुभा दिली. सरकारचा एक हात हार घालतो आणि दुसरा कात्री उगारतो, हे दृश्य आम्हां प्राचीन इतिहास शिकविणाऱ्यांना नवे नाही. दरबारी कवींच्या चरित्रांत ते पानोपानी आढळते. परंतु यानंतर जे झाले, ते मात्र नवीन होते.

त्याच २००३ साली पुढील महोत्सवासाठी एक नियम काढण्यात आला की, भारतीय चित्रपटांना प्रवेशासाठी अभ्यवेक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागेल. परदेशी चित्रपटांना ते लागणार नव्हते. म्हणजे परक्या साक्षीदाराने थेट पिंजऱ्यात यावे आणि घरच्याने मात्र आपली जबानी आधी कचेरीत तपासून घ्यावी! देशभरच्या माहितीपटकारांनी एकत्र येऊन याचा निषेध केला. त्यांच्यात मतैक्य क्वचितच असते, पण या वेळी ते झाले. नियम मागे घेण्यात आला. तथापि निवड जाहीर झाली तेव्हा अनेक राजकीय आशयाचे चित्रपट बाहेर ठेवलेले दिसले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' त्यांतच होता. तेव्हा चित्रपटकारांनी 'विकल्प' या नावाने फेब्रुवारी २००४ मध्ये, मुख्य महोत्सव चालू असतानाच, जवळच्या प्रभादेवीतील भूपेश गुप्ता भवनात नाकारलेल्या चित्रपटांचा आपला महोत्सव भरविला. प्रवेश विनामूल्य होता. तेथे ना शंख होता, ना रोख रक्कम; पण प्रेक्षक होता आणि तो आपण होऊन आला होता. १९४३ पासून माहितीपटाला जे मिळाले नव्हते ते त्या साध्या सभागृहात मिळाले, असे मला वाटते. 'फायनल सोल्यूशन'ला त्याच वर्षी पुढे प्रमाणपत्र मिळाले.

यावरून मुख्य महोत्सव निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २०१२ साली याच महोत्सवात पटवर्धन यांच्याच 'जय भीम कॉम्रेड'चा सन्मान झाला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात झालेला गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या येथून सुरू झालेले हे चित्रण चौदा वर्षे चालले होते. मराठी शाहिरी परंपरेच्या अभ्यासकाने ते पाहिल्यावाचून राहू नये. ज्या गाण्यांची नोंद आमच्या वाङ्मयेतिहासांनी घेतली नाही, ती गाणी गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांसह तेथे जतन झाली आहेत. सरकारी मंचावरून अशा चित्राला मान मिळतो, याचा अर्थ परीक्षकमंडळ स्वतंत्र असले म्हणजे मंचाचा मालक कोण हा प्रश्न काहीसा गौण होतो. पण परीक्षकांपुढे काय ठेवावयाचे हे ठरविणारा चाळणीचा हात निराळाच असतो आणि २००४ चा सारा कलह त्या चाळणीविषयी होता.

मराठी साहित्याशी या क्षेत्राचा संबंध आणखीही एका वाटेने आहे. अरुण खोपकर यांनी नृत्यावरील 'संचारी', जहांगीर सबावाला यांच्या चित्रकलेवरील 'कलर्स ऑफ ॲबसेन्स' असे चित्रपट केले आणि 'चलत्-चित्रव्यूह' या त्यांच्या पुस्तकाला २०१५ सालचा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. सुमित्रा भावे यांची वाटचाल १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून सुरू झाली. समाजकार्य करीत असता, वस्तीतील बायकांना आपलेच जगणे पडद्यावर दिसावे या इच्छेतून तो निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विजया मुळे यांचे नाव तर घराघरांत असावयास हवे होते. १९७४ साली त्यांनी केलेला 'एक अनेक और एकता' हा सचेतनपट दूरदर्शनवरून लहान मुलांच्या दोन पिढ्यांनी पाहिला. माझ्या शाळेत नववीच्या वर्गाला तो दाखविला, तेव्हा कानडी घरची आणि मराठी घरची मुले एकदमच गाऊ लागली. पण तो कोणी केला, हे एकालाही सांगता आले नाही. २००२ साली मुंबईच्या महोत्सवाने त्यांना व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव अर्पण केला. ज्या चित्राला कोट्यवधी प्रेक्षक आहेत त्याच्या कर्त्रीचे नाव उजेडात आणण्यास पुरस्कार लागावा, ही या माध्यमाची रीतच होऊन बसली आहे. २०१८ साली श्याम बेनेगल, २०२२ साली चित्रपटेतिहासकार संजित नार्वेकर आणि २०२४ साली वन्यजीवनाचे चित्रण करणारे सुब्बय्या नल्लमुथू हे या मानाचे धनी झाले.

आता थोडे आमच्या परिसराविषयी. 'साक्ष्यचित्रा'चा विषय होण्याचे भाग्य धारवाडला वारंवार लाभले आहे. गिरीश कार्नाड यांचे शिक्षण धारवाडचे. त्यांनी १९७२ साली द. रा. बेंद्रे यांच्यावर चित्रपट केला. घरी मराठी बोलणारा आणि कानडीत युगप्रवर्तक काव्य लिहिणारा हा कवी दोन्ही भाषांचा आहे, हे आम्ही मुलांना सांगतो. परंतु त्याचे चालणे-बोलणे, हातवारे करीत कविता म्हणणे हे सांगून कसे कळणार? कार्नाडांनी पुढे कनकदास व पुरंदरदास यांच्यावर 'कनक पुरंदर' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गदगच्या मातीत जन्मलेले आणि कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी शिकलेले भीमसेन जोशी यांच्यावर गुलजार यांनी १९९२ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी चित्रपट केला. नंदन कुध्यादी यांच्या 'रसयात्रा' या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरील १९९४ च्या चित्रपटालाही राष्ट्रीय सन्मान लाभला. मन्सूर १९९२ च्या सप्टेंबरात गेले होते. पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा साक्ष देणारा साक्षीपुरताच उरला होता. गायकाची ध्वनिमुद्रिका त्याचा स्वर राखते. पण श्वास घेण्यापूर्वी तो क्षणभर कोठे पाहतो, तंबोऱ्याकडे कान कसा लावतो, हे दुसऱ्या कोणत्याही कागदपत्रात नोंदले जात नाही. या अर्थाने कानडी शब्द मला अधिक नेमका वाटतो.

यांतील एखादा चित्रपट धारवाडात पाहावयाचा म्हटले, तर मात्र अडचण येते. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. तिचा चित्रसंग्रह हजारोंच्या घरातील. तिच्या मुंबईतील पेडर रोडच्या आवारात, जुन्या गुलशन महालात, २०१९ साली भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. विलीनीकरणाच्या वेळी या संग्रहाचे पुढे काय होणार, अशी काळजी अनेक चित्रपटकारांनी उघडपणे व्यक्त केली होती आणि सावेदादांची मूळ चित्रफीत आज कोठेच उपलब्ध नाही, हे लक्षात घेता ती काळजी अनाठायी म्हणता येत नाही. पुरस्कार मिळालेली फीतदेखील कुजते. शंख राहतो कपाटात आणि चित्र जाते.

जून २०२४ मध्ये अठरावा महोत्सव झाला. सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या सुवर्णशंखाबरोबर दहा लाख रुपये होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील सुवर्णशंख निष्ठा जैन यांच्या, बंगालच्या ताग गिरण्यांतील कामगारांवरील 'द गोल्डन थ्रेड' या चित्रपटाला मिळाला. राष्ट्रीय स्पर्धेतील मान 'सिक्स-ए आकाशगंगा' या निर्मल चंदर यांच्या चित्रपटाला लाभला. दशकानुदशके मुंबईतील आपल्या घराबाहेर फारशा न पडलेल्या अन्नपूर्णादेवी यांच्यावरचा हा पट. ज्या कलावतीने मैफल सोडली, छायाचित्र काढू दिले नाही, तिची साक्ष कशी काढावयाची हा प्रश्न त्या चित्रकाराने सोडविला तरी कसा, हे पाहण्याची मला फार उत्कंठा आहे. त्या वर्षी मुंबईखेरीज दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि पुणे येथेही महोत्सवातील चित्रपट दाखविण्यात आले. हुबळीहून पुण्यास रात्रीच्या गाडीने जाता येते.